फौजदारची मात्रा

फौजदारला फ्रीजवर उडी मारता येईना, तेव्हा कुठे रेवती साळुंखेच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. त्याआधी महिनाभर तो बादलीत तोंड घालून पाणी पीत होता, मातीच्या ट्रेमध्ये तळी करत होता आणि भरपेट खाऊनही वाळत चालला होता. पण घरातलं आजारपण बघायचं नाही म्हटलं की माणसाला ते बरोबर दिसत नाही. उडी चुकून तो ओट्यावर आपटला, मागचे पाय टाचेपर्यंत फरशीला टेकवत फेंगडा चालायला लागला, तेव्हा तिनं त्याला टोपलीत कोंबलं आणि डॉक्टर मुजावरांचा दवाखाना गाठला.

फौजदार म्हणजे बोका. अंगानं पांढरा, नाकाखाली काळी मिशी, आणि चाल अशी की सोसायटीतली कुत्री त्याला वाट द्यायची. रेवतीच्या नवऱ्यानं, दीपकनं, त्याला डोळेही न उघडलेल्या वयात गॅरेजमधून खिशात घालून आणलं होतं. पुढे एके दिवशी दीपक हार्ट अटॅकनं गेला. मागे राहिलं साळुंखे मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फौजदार आणि शालनआत्या.

शालनआत्या दीपकच्या आत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सांगलीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांनी उभा जन्म खानावळ चालवली. दारातून पोरं 'आत्या, वाढा' म्हणत शिरायची आणि आतून 'बसा, वाढते' असं उत्तर यायचं. हॉस्टेलांनी स्वयंपाकाची यंत्रं बसवली आणि खानावळ बसली. दीपक त्यांना घरी घेऊन आला. तो गेल्यावर या दोघींचं एकमेकींशी रक्ताचं नातं काहीच नव्हतं, तरी आत्या राहिल्या. का राहिल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि रेवतीनं विचारलं नाही.

डॉक्टर मुजावर शांत माणूस. त्यांनी फौजदारच्या कानातून थेंबभर रक्त काढलं, आकडा पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. मांजर घाबरलं की त्याची साखर नुसत्या भीतीनं दुपटीवर जाते, आणि दवाखान्यात न घाबरलेलं मांजर आपण अजून पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. म्हणून त्यांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी दुसरी तपासणी केली. तिनं शंका ठेवली नाही. फौजदारला मधुमेह झाला होता.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "माणसाला एकदा इन्सुलिन लागलं की बहुधा जन्मभर लागतं. मांजराचं थोडं वेगळं आहे. सुरुवातीचे महिने साखर नीट ताब्यात ठेवली, तर कित्येक मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं आणि इन्सुलिन सुटतं. पण याच महिन्यांत चूक झाली तर जीवही जातो. जास्त साखर हळूहळू मारते. जादा इन्सुलिन दुपारच्या जेवणानंतर चहाच्या आत मारतं."

त्यांनी तिला सुई टोचायला शिकवली. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, खाली जी पोकळी होते तिच्यात सुई सरकवायची. आधी खाणं, मग इन्सुलिन. खाल्लं नाही तर पूर्ण मात्रा द्यायची नाही. लटपटला, मान टाकली, तर हिरड्यांना मध चोळायचा. घशात ओतायचा नाही. दूधभात बंद, बिस्किटं बंद, उकडलेली कोंबडी आणि मासे सुरू. एवढं सगळं रेवतीला जमलं असतं, पण सुई सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच टोचायची होती आणि तिच्या शिकवण्या नेमक्या त्याच वेळी असत. आत्यांच्या हाताला कंप होता. मग डॉक्टरांनी जरा कचरतच पट्ट्याचा विषय काढला.

इन्सुलिनचा पट्टा त्या वर्षी नवीन आला होता. गळ्यात घालायचा, बोटभर रुंद. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. काही सुया कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजत राहतात, काहींतून दिवसभर थेंबाथेंबानं इन्सुलिन सुटतं. साखरेचा आकडा आणि आलेख फोनवर दिसतो. अडचण एकच, जी डॉक्टरांना आधीपासून माहीत होती. साखर चढली ती खाण्यानं चढली की शेजारच्या कुत्र्याला भिऊन, हे पट्ट्याला कळत नाही. भीतीची साखर आपली आपण उतरते. तिच्यावर इन्सुलिन दिलं तर मांजर आडवं होतं. नुसत्या आकड्यांवर चालणाऱ्या पहिल्या पट्ट्यांनी अशी मांजरं आडवी केलीही होती. म्हणून नव्या पट्ट्याला कान दिले. घरातल्या माणसानं जवळ येऊन, मांजराचं नाव घेऊन सांगायचं: फौजदार जेवला, फौजदार घाबरलाय, फौजदारची मात्रा कमी कर, जास्त कर. माणसाच्या शब्दाला त्यात आकड्यापेक्षा वरचं स्थान होतं. जास्त कर म्हटलं की जादा पाव युनिट लगेच सुटायचं, असं चार वेळा. त्यापुढे डॉक्टरांनी कुलूप लावलं होतं. शब्द कळल्याची खूण म्हणून पट्टा वाजत नसे, कारण वाजलं की मांजर दचकतं आणि साखर चढते. मराठीसकट बावीस भाषा त्याला येत होत्या.

रस्त्यावर बिनचालकाच्या गाड्या सर्रास धावत होत्या त्या काळात ज्यांचा यंत्रावर विश्वास नाही अशा माणसांना मोटार शिकवणं हा रेवतीचा धंदा. तिच्या बाजूला स्वतंत्र ब्रेक असायचा आणि शिकणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी सांगायची की गाडीवर कधी विश्वास टाकू नका. पट्ट्यावर मात्र तिनं विश्वास टाकला. दोघींनी आपापला आवाज त्याला ऐकवला. रेवती सदस्य एक, आत्या सदस्य दोन. आत्यांना ते सगळं ओशाळवाणं वाटलं. मांजराच्या मानेशी काय बोलायचं, असं त्या म्हणाल्या आणि उठून ओट्याशी गेल्या.

पहिले काही दिवस छान गेले. फौजदारचं पाणी पिणं कमी झालं. मग एका दुपारी बायपासवर एका पेन्शनरला गिअर शिकवत असताना रेवतीचा फोन किंचाळायला लागला. साखर बावन्न. बघता बघता अठ्ठेचाळीस. तिनं पेन्शनरला बाजूच्या सीटवर ढकललं आणि गाडी अशी हाणली की बिनचालकाच्या गाड्या शहाण्यासारख्या बाजूला झाल्या.

आत्या स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. फौजदार मांडीवर, डोळे उघडे, पाय पाण्यात पोहल्यासारखे हलत होते. शेजारी त्याची ताटली चाटूनपुसून साफ. आत्यांनी रडत रडत त्याच्या हिरड्यांना मध लावला होता, निम्मा लुगड्याला लागला होता. रेवतीनं आणखी चोळला. आकडा तळाशीच घुटमळत राहिला आणि मग जड पावलांनी वर यायला लागला. फौजदारनं मान उचलली, दोघींकडे पाहिलं आणि तिच्या बोटाला कचकन चावला. तेव्हा तिला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी रोजची मात्रा उतरवली. स्वादुपिंड जागं होत असेल, कधीकधी असं लवकर होतं, असं ते म्हणाले. पण पुढच्याच आठवड्यात, पुन्हा भर दुपारी, फौजदारला आचके आले. या वेळी मधानं भागलं नाही. दवाखान्यात त्याच्या पायाला सलाईन लावून ग्लुकोज द्यावं लागलं. पट्ट्यानं साखर उतरताना पाहून इन्सुलिन कधीच थांबवलं होतं, पण कातडीखाली गेलेलं इन्सुलिन परत ओढता येत नाही. आणखी एकदा असं झालं तर मेंदूला इजा होईल, डॉक्टर म्हणाले, किंवा तेवढीही वेळ येणार नाही.

दवाखान्याच्या बाकावरूनच रेवतीनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. दोन्ही दुपारी जादा मात्रेच्या सूचना मिळाल्या होत्या, असं त्यानं पाहून सांगितलं. पाव पाव करत पूर्ण युनिट. सूचना सदस्य दोन यांची. यापुढे अशा सूचना तुमच्याही फोनवर दिसतील, अशी सोय त्यानं लगेच करून दिली.

रेवती म्हणाली की तो आवाज मला ऐकवा. मुलगा म्हणाला की ते शक्य नाही.

"लोकांच्या घरातलं बोलणं साठवायला कायद्यानं बंदी आहे, मॅडम. आम्ही शब्द ठेवत नाही. फक्त अर्थ ठेवतो."

संध्याकाळी रेवती घरी आली ती संतापानं फुटायच्या बेतात होती. आत्या दाराशीच उभ्या होत्या, कसा आहे विचारत. जगला, असं म्हणून रेवतीनं चपला भिरकावल्या आणि विचारलं की तुम्ही त्या पट्ट्याला जादा इन्सुलिन सोडायला का सांगितलंत. आत्यांना प्रश्नच कळेना. कळला तेव्हा त्या खुर्ची धरून खाली बसल्या. मी कशाला असलं काय सांगू, मला त्या पट्ट्याशी बोलायलाच लाज वाटते, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. रेवतीला त्यांची जुनी वाक्यं आठवत गेली. मांजराचे किती लाड. माणसं उपाशी आहेत आणि याला पापलेट. तेव्हा ती हसली होती. आता त्याच वाक्यांनी तिचं डोकं भणाणलं.

"तुम्हाला तो नकोच होता," ती म्हणाली. दीपकची तेवढी एकच जिवंत गोष्ट उरलीय आणि तीही तुम्हाला बघवत नाही, हेही ती बोलून गेली. बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण मागे घ्यावं इतकं नाही.

आत्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "यंत्र खोटं बोलतं काय गं?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल, आत्या? त्याला काय मिळणार आहे?"

"होय," आत्या म्हणाल्या. "मग मीच बोलले असणार. मला आठवत नाही, रेवती. खरंच काही आठवत नाही."

आणि तिथून सगळं वेगळ्याच वाटेला लागलं. रेवतीचा राग ओसरला, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. परवा आत्यांनी गॅस चालू ठेवला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव त्यांना आठवेना. साध्या म्हातारपणाच्या गोष्टी, पण एकदा संशय आला की प्रत्येक गोष्ट पुराव्यासारखी दिसायला लागते. सर्वांत जास्त पुरावे आत्याच गोळा करत होत्या. आमटीत मीठ घालून हात मागे घेत आणि घातलं की नाही म्हणून पुन्हा चाखून बघत. बोलता बोलता मध्येच थांबून, मी आत्ता काय म्हणाले, असं विचारत. ज्या बाईनं शंभर पोरांच्या आवडीनिवडी तोंडपाठ ठेवल्या, ती आता कुकरच्या शिट्ट्या मोजायला घाबरू लागली.

मेंदूच्या डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ करायला लावले. वयाच्या मानानं ठीक आहे, पण लक्ष ठेवा, असं सांगितलं. रेवतीला त्यातलं 'लक्ष ठेवा' एवढंच ऐकू आलं. लक्ष ठेवायला दिवसा घरी कोण होतं?

"मला कुठंतरी नेऊन ठेव," आत्याच एक दिवस म्हणाल्या. "आज मांजर झालं. उद्या गॅस उघडा राहिला तर तू जाशील. दीपकला मी वर जाऊन काय तोंड दाखवू?"

रेवतीनं नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा तरी. ती म्हणाली, "बघू, विचार करू." तिच्या आवाजातली सुटका आत्यांनी ऐकली असणार, कारण त्याच संध्याकाळी त्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या.

मिरजेला विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक निवास होता. स्वच्छ, हवेशीर, मागे चिंचेची झाडं. रेवतीनं स्वतः गाडी चालवत त्यांना सोडलं. निघताना आत्यांनी फौजदारच्या डोक्यावरून हात फिरवला होता, पण तोंडानं एक शब्द काढला नव्हता. त्याच्याजवळ बोलायची त्यांना आता भीती वाटत होती.

त्यानंतर फौजदारची साखर सुतासारखी सरळ झाली. एकही दुपार वाकडी गेली नाही. रेवतीनं शिकवण्यांच्या वेळा ओढूनताणून बदलल्या आणि सकाळी निघताना त्याचं दुपारचंही घड्याळवाल्या डब्यात ठेवायला लागली. वेळ झाली की डब्याचं झाकण उघडायचं. डॉक्टर खूश झाले. असंच चाललं तर महिन्या-दोन महिन्यांत इन्सुलिन बंद करून बघू, म्हणाले. म्हणजे दोष आत्यांचाच होता. आलेख तेच सांगत होता. रेवतीला बरं वाटायला हवं होतं, पण घर तिला खायला उठत होतं. रिकाम्या स्वयंपाकघरात ती मोठ्यानं बोलायला लागली. दूध उतू जाईल हं, लाईट गेली वाटतं, कुठं ठेवली बाई किल्ली. आत्या बोलायच्या तसंच, त्याच सुरात.

एका रविवारी डब्याचं झाकण अडकलं. फौजदार पायात घोटाळत ओरडत होता. रेवतीनं फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता, त्यावर त्याचा आलेख. पातेल्यातली उकडलेली कोंबडी ताटलीत काढता काढता ती म्हणाली, "थांब रे फौजदारा, वाढते."

तो ताटलीवर तुटून पडला. ती कौतुकानं बघत राहिली. "अजून वाढू? फौजदारा, वाढू अजून?"

मीठ घ्यायला म्हणून ती वळली आणि तिची नजर फोनवर गेली. तिथं लिहिलं होतं: जादा मात्रा, पाऊण युनिट. सूचना सदस्य एक.

मी तर काही बोलले नाही, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि खुर्ची धरून बसताना आत्याही हेच सांगत होत्या हे तिला आठवलं. तिनं फौजदारच्या मानेवर झडप घातली. पट्टा ओढून काढताना त्यानं तिचा हात ओरबाडून काढला. पाऊण युनिट त्याच्या कातडीखाली गेलंच होतं.

तिनं मधाची बाटली काढली, तो पळू नये म्हणून दाराची कडी लावली, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि डॉक्टरांना फोन लावला. पोटात खाणं आहे ना, मग घाबरू नका, थोडा थोडा मध चोळत राहा आणि तसेच निघा, असं डॉक्टर म्हणाले. पट्टा काढल्यामुळे आता आकडाही दिसत नव्हता. गाडीत तो शेजारच्या सीटवर, तिचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्याचं बोट मध घेऊन त्याच्या जबड्यात. त्याचं डोकं लटपटायला लागलं. "फौजदारा, बघ इकडे," ती म्हणत होती आणि दर शब्दाला दचकत होती, न जाणो यातलं कुठलं वाक्य त्याला मारेल. दवाखान्याच्या फाटकाशी तो ओकला. डॉक्टरांनी तो तिच्या हातातून घेतला, दार बंद झालं, आणि रेवती बाहेर बाकावर बसून राहिली.

बसल्या बसल्या तिला सगळं उलगडत गेलं, आणि उलगडलं तसं जिवाला लागत गेलं. आपण ताटात वाढतो आणि पगारही वाढतो. देवापुढे नारळ फुटतो त्याला आपण नारळ वाढवला म्हणतो, काकणं फुटली तरी वाढवली म्हणतो. आपल्यालाच कधी अडत नाही, कारण आपण शब्द ऐकत नाही, माणूस ऐकतो. पट्ट्याकडे कुठून माणूस येणार? बावीस भाषांतले शब्द त्यानं एकाच साच्यात ओतले, 'वाढते'तून 'मात्रा वाढव' एवढा अर्थ काढून घेतला आणि शब्द फेकून दिले. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर फौजदारची ताटली रेवती ठेवायची, ती मुकाट्यानं ठेवायची. दुपारी आत्या ठेवायच्या, आणि आत्यांनी आयुष्यात कुणाला न बोलता वाढलं नव्हतं. एरवी एका 'वाढते'वर तो उठत असेल; त्या दोन दुपारी ताटली चाटूनपुसून होईपर्यंत आग्रह चार वेळा झाला असेल.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. फौजदार वाचला होता. रेवतीनं पिशवीतून पट्टा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि फौजदारचं नाव घेऊन तेच वाक्य म्हटलं. फोनवर जादा मात्रेची ओळ पुन्हा उमटली. ती वाचून डॉक्टर मुजावरांनी कपाटातून साध्या सिरिंजची पेटी काढून तिच्या हातात दिली. कंपनीला कळवलं तेव्हा तिकडून तत्परतेनं आभार आले, आणि दुरुस्ती होईपर्यंत ग्राहकांनी मांजराजवळ तो शब्द टाळून 'खायला देते' असं म्हणावं, अशी विनंती आली.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. आत्या खिडकीशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. इथलं जेवण बरं आहे का विचारलं तर म्हणाल्या की आणून देतात, मी स्वयंपाकघरात जात नाही, आपल्या हातून काही व्हायला नको. रेवतीनं सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि तिच्या हातावर थोपटलं.

"माझं मन राखायला सांगतेस ते कळतं गं मला. पण मला आता कशाचीच खात्री वाटत नाही."

मग रेवतीनं पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला. इन्सुलिन काढून टाकलेलं होतं. फोन शेजारी उघडून ठेवला आणि म्हणाली, "आत्या, फौजदारला दुपारी काय म्हणायचात ते म्हणा."

आत्यांनी हात मागे घेतले. त्याला काही होईल, म्हणाल्या. तो घरी आहे, हा पट्टा रिकामा आहे, असं रेवतीनं दोनदा सांगितलं. शेवटी पट्ट्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बस फौजदारा. वाढते."

पाव युनिट. सूचना सदस्य दोन.

आत्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा म्हणाल्या, "वाढते, फौजदारा." अर्धा. आता त्यांचा आवाज चढला होता, खानावळीत मागच्या पंगतीपर्यंत पोचायचा तेवढा. "वाढू अजून, फौजदारा? अरे, घे की, वाढते." पाऊण. एक. पुढे कुलूप लागलं, आणि आत्या थांबल्या.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं."

"होतं, आत्या."

"मग तुझं कुठं होतं गं?"

रेवती घाईघाईनं म्हणाली की चला घरी, सामान आवरू, फौजदार आता माझ्यापासून पळतो, सुई टोचताना त्याला धरायला कुणीतरी पाहिजे.

आत्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मांजरासाठी मला बाहेर काढलंस," त्या म्हणाल्या, "आणि आता मांजरासाठीच न्यायला आलीस होय?"

बाहेर कुणीतरी जेवणाची घंटा वाजवली. व्हरांड्यातून म्हातारी माणसं एकेक करून जायला लागली. रेवती खुर्चीवरून उठली, खाली फरशीवर बसली आणि दीपक गेल्यापासून जे तिनं कुणापुढे केलं नव्हतं ते केलं. आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली.

"मला तुम्ही पाहिजे," ती म्हणाली. "मांजराचं राहू दे. माझं चुकलं. मी यंत्राला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही. मला घरात एकटीला बसवत नाही, आत्या. तुम्ही पाहिजे मला."

आत्यांचा हात तिच्या केसांवर आला, पण लगेच आला नाही.

"आज नाही यायची मी," त्या म्हणाल्या. "आज तू घाबरलीयस. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतं. उद्या ये. उद्याही हेच म्हणालीस तर बघू."

त्या उठल्या आणि जेवायला गेल्या. व्हरांड्याच्या टोकाशी वळून त्यांनी रेवतीकडे एकदा बघितलं.

रेवतीनं घरी येऊन उद्याच्या सगळ्या शिकवण्या रद्द केल्या. फौजदारला सोफ्याखालून ओढून काढलं, कातडी चिमटीत उचलून सुई टोचली, चावून घेतलं. मग उद्या काय म्हणायचं ते तिनं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. ते अजून तसंच खरं वाटत होतं, आणि तिला जिवापासून भीती वाटत होती की उद्या आत्यांना ते तसं ऐकू येईल की नाही.